एक खाटेवर, एक पाण्यात, एक फळीवर

हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे वरच्या मजल्यांवरचा औषधांचा वास संपतो आणि गरम साबणाचा सुरू होतो, तिथे ताईंचं राज्य होतं. राज्य म्हणजे धुलाईची पाच मशीनं, वाळवणाची तीन, इस्त्रीचा एक लांबलचक रूळ, नऊ माणसं आणि चादरी. चादरी किती, असं हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी हिशेबनीसाकडे बोट दाखवलं असतं, आणि हिशेबनीसाने ताईंकडे. ताईंपुढे बोट दाखवायला कुणी उरलेलं नसे. त्या सरळ सांगायच्या, "दोन हजार तीनशे चौदा. त्यातल्या अकरा रफूला गेल्यात."

लाँड्री चालवायच्या त्यांच्या तीन पद्धती होत्या, तिन्ही त्यांनीच पाडलेल्या. पहिली टाक्याची. फाटलेली चादर शिवली की तिच्या डाव्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. एक टाका पडलेली चादर ऑपरेशन थिएटरात जायची नाही. तीन पडले की ती खाटेवरून उतरून फरशीवर यायची. नुसता कोपरा चाचपून ताई चादरीची सगळी हकिगत सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, बाई थापा मारतेय. मारत नव्हत्या.

दुसरी पद्धत, सरमिसळ नाही. बायकांच्या वॉर्डाला चार चादरी कमी पडल्या म्हणून पुरुषांच्या गठ्ठ्यातल्या चार उचलल्या, असं त्यांच्या देखत कधी झालं नाही. एकदा सरमिसळ झाली की कुणाचं काय हरवलं तेच कळत नाही, हे त्यांचं ठाम मत. तिसरी पद्धत तर त्या नवीन माणसाला पहिल्याच दिवशी बोटांवर मोजून शिकवत. दर खाटेमागे तीन चादरी. एक खाटेवर, एक पाण्यात, एक फळीवर. मशीन बंद पडो, पाणी जावो, वाळवणाचा पट्टा तुटो, पेशंट उघड्या गादीवर झोपता कामा नये. एकवीस वर्षांत एकही झोपला नव्हता. एवढं ज्या बाईला जमलं, तिला बँकेतल्या एका आकड्याने जेरीला आणलं, त्याची ही गोष्ट.

घरीही ताईंचा कारभार असाच. भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांना एकोणीस वर्षं होत आली होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर पत्र्याचे पाच डबे ओळीने उभे होते आणि प्रत्येकावर हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं होतं: भाडं, वीज, मोटारसायकल, फोन, धुण्याचं मशीन. पहिले दोन डबे घरचे. उरलेले तीन गोतावळ्याचे.

गोतावळ्याचे कसे, तर सगळ्या खानदानात कायमची नोकरी आणि महिन्याच्या महिन्याला पगाराची चिठ्ठी असलेल्या एकट्या ताईच. धाकटा भाऊ माल पोहोचवायच्या गाडीवर, त्याचा पगार मालकाच्या मर्जीवर. मोठ्या नणंदेच्या नवऱ्याचं छोटं दुकान, त्याची कमाई गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. लाँड्रीतले इस्त्रीवाले मामा कंत्राटी, म्हणजे सगळ्यांच्याच मर्जीवर. अशांना हप्त्यावर वस्तू कोण देणार? मग ठरलेलं वाक्य यायचं, "ताईंच्या नावावर घे की." भावाची मोटारसायकल ताईंच्या नावावर, नणंदेचं धुण्याचं मशीन ताईंच्या नावावर, मामांचा फोनसुद्धा. बँकेने कधीतरी गळ्यात मारलेलं क्रेडिट कार्डही मामांच्या मुलीची फी आणि नणंदेची शेगडी यांनी दर महिन्याला तोंडोतोंड भरायचं आणि दर महिन्याला रिकामं व्हायचं. ताईंना याचा त्रास तर सोडाच, आतून अभिमान होता. आपल्या नावाला बाजारात किंमत आहे, हे कुणाला आवडत नाही?

आणि इथेही नियम एकच, ज्याचा डबा त्याचेच पैसे. मोटारसायकलचा हप्ता पंचवीस तारखेचा. भावाचा पगार बहुतेकदा व्हायचा पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला. तो इमानदारीने तीनला संध्याकाळी पैसे आणून द्यायचा, चारला ताई दुपारच्या सुट्टीत हप्ता भरून यायच्या, वर उशिराचा दंडही भरायच्या, आणि तो दंडही भावाकडूनच घ्यायच्या. पंचवीस तारखेला भाड्याच्या डब्यात पैसे असत, पण त्याला हात लावायचा म्हणजे बायकांच्या वॉर्डाची चादर पुरुषांच्या वॉर्डात. दंड भरला की हिशेब फिटला, अशी त्यांची समजूत. भाडं मात्र एक तारखेला, नवाच्या आत, कामावर निघण्यापूर्वी वरच्या मजल्यावर पोहोचतं व्हायचं.

वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. त्या निवृत्त शिक्षिका, गणिताच्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. एका एक तारखेला त्यांनी भाडं घेतलं, वहीत बरोबरची खूण केली आणि ताईंना बसायला सांगितलं.

"मी घर विकतेय," बाई म्हणाल्या. "गुडघे जिना चढू देत नाहीत. मुलाकडे जाईन म्हणते. वरचं भाची घेणार आहे. खालच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण, ते आधी तुला विचारते."

त्यांनी कागदावर किंमत लिहून दाखवली. किंमत रास्त होती. मग म्हणाल्या, "कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर दोनदा येऊन गेलेत. त्यांना दवाखान्याला तळमजला हवाय, रोख देतील. मी तुझ्यासाठी आठ महिने थांबते. त्यापुढे माझे गुडघे थांबायचे नाहीत."

ताई खाली आल्या आणि स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या राहिल्या. ही फळी नवऱ्याने ठोकलेली. मागच्या दाराची पायरी त्याने तीनदा नीट केलेली. भिंतींना दर दोन वर्षांनी रंग या दोघांनीच दिलेला, स्वतःच्या पैशाने. इथून हॉस्पिटल चालत सात मिनिटं. ताईंचा त्या दोन खोल्यांत जीव गुंतला होता, आणि इतकी वर्षं हे घर आपलं नाही असं स्वतःला बजावत त्या राहिल्या होत्या. आता ते आपलं होऊ शकत होतं.

नवरा त्याच हॉस्पिटलात लिफ्ट चालवायचा. दिवसभर वर-खाली करताना त्याच्या कानावर जगातलं सगळं ज्ञान तुकड्या-तुकड्याने पडायचं, चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मावेल तेवढं. "लिफ्टमध्ये एक साहेब सांगत होते," तो म्हणाला, "कायमची नोकरी असली की बँक मागे लागून कर्ज देते."

बँकेतल्या कर्जाच्या टेबलावर एक चष्मेवाली तरुण मुलगी होती. ताईंनी तिच्यापुढे एकवीस वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या मांडल्या, सालवार, दोऱ्याने बांधलेल्या. मुलीने त्यातल्या तीन घेतल्या, कॉम्प्युटरवर काही टाइप केलं आणि तिचा चेहरा जरा उतरला.

"तुमचा क्रेडिट स्कोअर सहाशे बारा आहे, मॅडम."

"कितीपैकी?"

"नऊशे."

ताईंनी मनात भागाकार केला. अडुसष्ट टक्के. "म्हणजे फर्स्ट क्लास की."

"तसं नसतं ते. मोजायला सुरुवातच तीनशेपासून होते. आमच्याकडे सातशेच्या खाली फाइल वर जातच नाही." मुलीने आवाज खाली आणला. "तुमच्या नावावरचे बरेच हप्ते उशिरा भरलेले आहेत."

नवऱ्याचा आकडा बघितला तर तो नव्हताच. त्याने जन्मात कुणाकडून उसने पाच पैसे घेतले नव्हते, कार्ड नव्हतं, हप्ता नव्हता. "यांचा स्कोअर तयारच झालेला नाही," मुलगी म्हणाली. नवऱ्याने घाबरून विचारलं, "म्हणजे मी आहे की नाही?"

ताई हसल्या नाहीत. उशीर झाला होता, बुडवलं नव्हतं. एक पै कुणाची बुडवली नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हप्त्यांसाठी दुपारच्या जेवणाच्या सुट्ट्या घालवल्या, तिला नापास ठरवणारी ही बँक कोण? त्या रागात त्यांनी ती चूक केली जी त्यांच्यासारखी नेटकी बाईच करू शकते. एका आठवड्यात, रीतसर रजा टाकून, साऱ्या कागदपत्रांच्या झेरॉक्सचे तीन संच करून, त्या आणखी तीन बँकांत गेल्या. तिन्ही ठिकाणी टाइप करणाऱ्याचा चेहरा उतरला. लिफ्टमधले साहेब म्हणाले होते, एकीकडे नाही झालं तर दुसरीकडे बघा.

पुन्हा चष्मेवालीकडे आल्या तेव्हा आकडा पाचशे अठ्ठ्याण्णव झाला होता.

"तुम्ही सगळीकडे जाऊन आलात का?" मुलीने विचारलं. "प्रत्येक बँक चौकशी करते आणि ती चौकशी तुमच्या रिपोर्टात लिहिली जाते. आठवड्यात चार ठिकाणी कर्ज मागितलं की बघणाऱ्याला वाटतं, बाई अडचणीत आहे."

"अडचणीत आहेच की," ताई म्हणाल्या. मुलीने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि एक शहाणपणाचं काम केलं. तिने रिपोर्ट छापून ताईंच्या हातात दिला. "हे घरी नेऊन वाचा. स्वतःचा रिपोर्ट कितीदाही बघितला तरी आकडा कमी होत नाही."

ताईंनी तो लाँड्रीत वाचला, दुपारच्या सुट्टीत, स्वच्छ चादरींच्या गठ्ठ्यावर बसून. मोटारसायकलच्या कर्जाचे आतापर्यंतचे अठ्ठेचाळीस महिने, अठ्ठेचाळीस चौकोन. वेळेवर भरलेला चौकोन कोरा. उशिराच्या चौकोनात आकडा, महिनाअखेर किती दिवस थकलं त्याचा. पाच, सहा, पाच, पाच. एकोणतीस चौकोनांत आकडे होते. ताईंनी त्यांवरून बोट फिरवलं आणि थांबल्या. हे त्यांना अनोळखी नव्हतं. हा चादरीचा डावा कोपरा होता. फाटलं ते शिवलं, भोक बुजलं, चादर पुन्हा खाटेवर गेली, पण टाका राहिला. आणि टाका पडलेली चादर थिएटरात न पाठवणाऱ्या त्या स्वतःच होत्या. बँकेवरचा त्यांचा राग त्या गठ्ठ्यावर बसल्या बसल्या ओसरला. खरं सांगायचं तर हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण होता, स्वतःचाच नियम उलटून स्वतःवर आला तर त्या कुरकुर करत नसत.

शेवटच्या पानावर आणखी एक गंमत निघाली. नणंदेच्या धुण्याच्या मशीनचं कर्ज तीन वर्षांपूर्वी संपलं होतं, डबाही तेव्हापासून रिकामाच उभा होता, पण रिपोर्टात ते जिवंत होतं. बाकी किती, तर दोन कप चहाची. म्हणजे त्या वेळच्या दोन कपांची.

समोर इस्त्रीवाले मामा रुळात अभ्रे सरकवत होते. मधेच एक मशीन थांबलं, कुठलातरी पट्टा घसरला. मामांनी मान वर केली नाही. "काही घाई नाही, ताई. फळीवरचे काढतो," ते म्हणाले आणि फळीवरच्या गठ्ठ्याला हात घातला.

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. दर खाटेमागे तीन. मग घरच्या डब्यांत एकच का? भावाचा पगार उशिरा झाला की हप्ता उशिरा, कारण फळीवर काही नाहीच. एकवीस वर्षं इथे जे लोकांना बोटांवर मोजून शिकवलं, ते घरी सात मिनिटं चालत नेता आलं नाही. "मूर्ख आहे मी," त्या मोठ्याने म्हणाल्या. मामा म्हणाले, "मशीन जुनं आहे, ताई. तुमचा काय दोष?"

रविवारी त्यांनी भावाला बोलावलं. तो आला, चहा घेतला, आणि ताईंनी सरळ विषयालाच हात घातला. "माझ्या नावावर आता नवीन काही घ्यायचं नाही. आणि मोटारसायकलच्या डब्यात एक हप्ता जास्तीचा हवा, कायम पडून राहणारा. दोन महिन्यांत गोळा कर."

भाऊ दुखावला. साहजिकच होतं. "ताई, मी तुझा एक पैसा बुडवला का कधी?"

"नाही."

"दंडसुद्धा माझ्याच खिशातला भरला ना?"

"भरलास. म्हणून तर मला कळलं नाही." त्यांनी रिपोर्ट त्याच्यापुढे ठेवला. "हे बघ. हे सगळे आकडे तुझ्या पगाराचे, पण कोपरा माझा आहे. चूक तुझी नाही रे. तुझे पैसे येईपर्यंत थांबायचं, हे मी ठरवलं होतं."

भावाने चौकोन मोजले. जाताना मोटारसायकल सुरू करायला त्याला तीन वेळा किक मारावी लागली. चार दिवसांनी मामांच्या हाती एक पाकीट आलं, आत जास्तीच्या हप्त्याचे अर्धे पैसे आणि चिठ्ठी: "उरलेले वीसपर्यंत." त्याने जादा खेपा घेतल्या होत्या, हे ताईंना नंतर कळलं.

नणंदेचं प्रकरण अवघड होतं. ती नवऱ्याची मोठी बहीण, तिच्याशी बोलताना ताई आवाज अर्धा करत. "वन्सं, त्या मशीनचा शेवटचा दंड राहिलाय."

"तो मी भरणार नाही," नणंद म्हणाली. "तेव्हाही सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी त्यांचं ऑफिस बंद, आणि उशीर झाला म्हणे माझा. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बरोबर आहे तुमचं," ताई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच बरोबर वाटत होतं. पण तत्त्व नणंदेचं होतं आणि कोपरा ताईंचा. त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सरमिसळ केली. विजेच्या डब्यातले पैसे घेऊन त्या दोन बस बदलून त्या कंपनीच्या ऑफिसात गेल्या. ऑफिस जागेवर नव्हतं. शेजारच्या कुलूपवाल्याने नवा पत्ता दिला, म्हणजे तिसरी बस. तिथल्या कारकुनाने सांगितलं की तीन वर्षांच्या व्याजाने दोन कप चहाचं आता बऱ्यापैकी जेवण झालंय. "पण अर्धेच द्या," तो मोठ्या मनाने म्हणाला, "तडजोड म्हणून मिटवून टाकतो."

ताई भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी दहा मिनिटं घालणाऱ्या. पण चष्मेवाली मुलगी त्यांना बजावून बसली होती, तडजोड हा शब्द रिपोर्टात गेला तर वर्षानुवर्षं खुपतो. "पूर्ण घ्या," ताई म्हणाल्या. "आणि पूर्ण भरून बंद केलं, असं लिहून द्या. शिक्का मारून." कारकुनाच्या नोकरीत जास्त पैसे घ्या म्हणून हटून बसलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक असावं. त्याने शिक्का दोनदा मारला.

पुढचे महिने ताईंनी जसे शांतपणे काढले, ते मला स्वतःला जमलं नसतं. कार्ड त्यांनी मोडलं नाही, कारण जुनं खातं टिकवलेलं बरं असं मुलीने सांगितलं होतं. फक्त ते तिसऱ्या हिश्श्याच्या वर भरू दिलं नाही. मामांच्या मुलीची फी आता मामा आधी रोख आणून देत. दर महिन्याच्या वीस तारखेला ताई फळीवरच्या डब्यातून हप्ता भरत आणि भावाचे पैसे आले की ते फळीवर जात. कुठल्या बँकेत पाऊल टाकलं नाही. नवऱ्याने लिफ्टमधल्या एका साहेबांचा नवा सल्ला आणला, पंधरा दिवसांत स्कोअर वाढवून देणारा कुणी एजंट आहे म्हणे. ताई म्हणाल्या, "त्याला सांगा, टाके उसवून देणारा शिंपी आमच्याकडे होता एक. मी त्याला काढून टाकला." रविवारी त्या नर्सिंगच्या मुलींचे गणवेश शिवायला बसत, विजेच्या डब्यातलं खिंडार भरायला आणि घराच्या किमतीतल्या रोख भागासाठी.

आकडा हलायला लागला, पण गोगलगायीच्या चालीने. सहाशे पंधरा. सहाशे एकतीस. पाचव्या महिन्यात सहाशे बासष्ट. दाताचे डॉक्टर मधूनच फुटपट्टी घेऊन येत आणि अंगण मोजून जात. ताई त्यांना पाणी विचारत. सातव्या महिन्यात सहाशे एक्क्याऐंशी. आठवा महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा चष्मेवाल्या मुलीने स्क्रीन ताईंकडे वळवली. सहाशे चौऱ्याण्णव.

"मशीनचं कर्ज बंद झाल्याचं अजून रिपोर्टात चढलं नाहीये," मुलगी म्हणाली. तिचेच डोळे भरले होते. "पत्र पाठवलंय मी. पुढच्या महिन्यात नक्की चढेल, ताई. सातशेच्या वर जाल. सहाच गुण आहेत."

"पोरी, सहा म्हणजे सहा," ताई म्हणाल्या. "तीन टाक्यांची चादर मी अडीच म्हणून सोडत नाही." आणि तिच्या हातावर थोपटून त्या उठल्या.

एक तारीख आली. ताईंनी नवाच्या आत भाडं नेलं. बाईंनी वहीत खूण केली. ताई उभ्याच राहिल्या.

"बाई, मला सहा गुण कमी पडले. तुम्ही आठ महिने म्हणाला होतात, ते काल संपले. डॉक्टरांना देऊन टाका. मी पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करते." हे सगळं त्या जिना चढताना पाठ करून आल्या होत्या, म्हणून एका दमात बोलता आलं. पुढे त्यांनी पाठ केलेलं नव्हतं. पुढे त्या म्हणाल्या, "फळी तेवढी घेऊन जाईन. यांनी ठोकलीय ती."

बाईंनी चष्मा काढला. "डॉक्टर काल आले होते," त्या म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा बरंच जास्त देतायत. तुला का कर्ज मिळत नाही, तेही कुठूनतरी ऐकून मला ऐकवून गेले. म्हणाले, त्या बाई वेळेवर पैसे भरत नाहीत असं बँकेचं म्हणणं आहे."

ताईंनी मान खाली घातली.

बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. "हे वाच."

शाळेच्या हजेरीच्या वहीसारखी आडवी वही होती. वर्षांच्या ओळी, महिन्यांची घरं. प्रत्येक घरात बरोबरची खूण आणि बाजूला वेळ. आठ पन्नास. आठ पंचेचाळीस. आठ पंचावन्न. एका घरात लिहिलं होतं: ताप असूनही आली. एकोणीस ओळी, बारा घरं.

"मी बत्तीस वर्षं पेपर तपासले," बाई म्हणाल्या. "पैकीच्या पैकी फार जपून दिले. बँकेची मोजणी बँकेला लखलाभ. माझ्याकडे तुझे दोनशे अठ्ठावीसपैकी दोनशे अठ्ठावीस आहेत. डॉक्टरांना मी कालच नाही म्हणून सांगितलं. गुडघे अजून एक महिना थांबतायत. खाली जा, तुला कामाला उशीर होईल."

पाचशे अठ्ठ्याण्णवला न रडलेल्या ताई तिथे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून रडल्या. सात मिनिटं उशिरा त्या लाँड्रीत पोहोचल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. मामांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढचा अभ्रा रुळात सरकवला.

पुढच्या महिन्यात आकडा सातशे सोळा निघाला आणि फाइल वर गेली. कागदांवर सह्या झाल्या त्या दिवशी भाऊ मोटारसायकलवरून पेढ्यासारखं गोड हसत आला आणि दारातच म्हणाला की त्याने आपल्याच नावाने बँकेत खातं उघडलंय. नवऱ्याने लिफ्टमधून जाणाऱ्या प्रत्येकाला घराची बातमी सांगितली, स्ट्रेचरवरच्यांनाही.

ताईंनी फळीवरचा भाड्याचा डबा खाली घेतला, जुनी चिकटपट्टी नखाने खरवडून काढली, नवी लावली आणि लिहिलं: घर. आत दोन हप्ते ठेवले. एक भरायचा, एक फळीवरचा.

बाईंनी मुलाकडे जाण्यापूर्वी ती आडवी वही त्यांना देऊन टाकली होती. ताईंनी ती डब्याच्या मागे उभी ठेवताना शेवटचं पान उघडून बघितलं. दोनशे एकोणतिसावी खूण तिथे होती, आठ चाळीसची. तिच्याखाली लाल शाईने, जसं बाई मुलांच्या प्रगतिपुस्तकात लिहीत, तसं लिहिलं होतं: शेरा. घर हिचंच होतं.